पेठेचा संघ, पेठेचं मैदान

नारायण पेठेत फुटबॉलचं मैदान नाही. लक्ष्मी रस्ता आणि मुठेचं पात्र यांच्यामध्ये दाटीनं वसलेल्या या पेठेत शाळांची पटांगणं आहेत, वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींची पार्किंगं आहेत, आणि सुटीच्या दिवशी त्याच पार्किंगमध्ये मुलं चेंडू लाथाडताना दिसतात. तरीही फुटबॉलचा क्लब, त्याचं मैदान आणि त्याचं संग्रहालय या विषयाची सुरुवात इथूनच करावीशी वाटते. पेठ आपली असते म्हणजे काय, हे इथल्या माणसाला समजावून द्यावं लागत नाही. मोदी गणपती आमचा, पत्र्या मारुती आमचा, विसर्जन मिरवणुकीतला मानाचा पाचवा केसरीवाड्याचा गणपती आमचा. ‘पुणे ३०’ लिहून झालं तरी पेठेचं नाव घातल्याशिवाय पत्ता पुरा झाल्यासारखं वाटत नाही.

या ‘आमचा’ला कोल्हापूरकरांनी फुटबॉलची जर्सी चढवली. पुण्याहून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरवर, त्याच बुधवार, मंगळवार, रविवार अशा नावांच्या पेठांमधून तिथे वर्षानुवर्षं संघ उभे राहतात, एकमेकांशी ईर्षेनं खेळतात आणि पुढच्या हंगामात पुन्हा उभे राहतात. त्यांना कुणी मालक नाही. संघाचा लिलाव होत नाही. संघ तालमीचा, तालीम पेठेची, आणि पेठ कुणी विकत घेऊ शकत नाही.

हे किती मोलाचं आहे ते कळायला पुण्यातच काय झालं ते आठवावं. २००७ साली पुणे एफसी हा व्यावसायिक क्लब सुरू झाला. तो चांगला चालला. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये चर्चिल ब्रदर्सच्या खालोखाल दुसरा आला, आणि त्याच्या अकादमीचं नाव देशात घेतलं जात होतं. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली तेव्हा एफसी पुणे सिटी हा दुसरा, जास्त झगमगाटाचा संघ आला. २०१७-१८ च्या हंगामात त्यानं उपांत्य फेरी गाठली. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेल्या बालेवाडीच्या क्रीडासंकुलात प्रकाशझोतात सामने होत, तिकिटं विकली जात, मुलं चेहरे रंगवून जात. मग पुणे एफसी बंद झाला. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटीही लीगमधून गेला आणि त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघानं घेतली. काही हजार चाहत्यांना मनापासून वाईट वाटलं, त्यांचं प्रेम खरं होतं. पण कुठल्याही पेठेला सुतक पडलं नाही. संघ शहराच्या नावाचा होता, शहरातल्या कुठल्याच गल्लीचा नव्हता. मालकांचा हिशेब जुळेनासा झाल्यावर त्याला धरून ठेवणारं कुणी उरलं नाही.

पुण्याला हे जमतच नाही असं मात्र म्हणता येत नाही. नारायण पेठेतून भिडे पूल ओलांडला की आपण डेक्कन जिमखान्यावर पोचतो. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या एका क्रीडासंस्थेनं अख्ख्या वस्तीला आपलं नाव दिलं. तिचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांच्या पुढाकारानं १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू गेले. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले, कोल्हापूरचे रणधीर शिंदे कुस्तीत चौथे आले. स्वतंत्र देश नसलेल्या लोकांचा संघ एका जिमखान्याच्या धडपडीतून समुद्रापार गेला, ही गोष्ट पुण्याच्या शाळांमधून आजच्यापेक्षा पुष्कळ जास्त सांगितली गेली पाहिजे.

पण फुटबॉल पाहायचा तर कोल्हापूर गाठावं. हंगाम साधारण डिसेंबरात सुरू होतो आणि उन्हाळा संपता संपता आटोपतो. स्पर्धा कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली ‘केएसए’, भरवते. वरिष्ठ गटात १६ संघ. आधी साखळी सामने, मग महापौर चषकासारख्या बाद पद्धतीच्या स्पर्धा. या संघटनेला छत्रपती घराण्याचा आश्रय पहिल्यापासून आहे. मालोजीराजे छत्रपती केएसएचं काम पाहतातच, शिवाय अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या कार्यकारिणीवरही त्यांनी कोल्हापूरचा आवाज नेला.

संघांची नावं नुसती वाचत गेलं तरी शहर डोळ्यांपुढे येतं. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, प्रॅक्टिस क्लब, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, संयुक्त जुना बुधवार पेठ, संध्यामठ तरुण मंडळ, ऋणमुक्तेश्वर तालीम, उत्तरेश्वर पेठेची वाघाची तालीम, फुलेवाडीचा संघ. देवळं, पेठा, रंकाळ्याच्या काठचा मठ, शहराबाहेर वाढलेलं उपनगर, सगळं त्यात आहे. युरोपातल्या क्लबांच्या नावातही असाच पत्ता लपलेला असतो. आर्सेनल हे नाव लंडनच्या वुलिचमधल्या शस्त्रास्त्रांच्या कारखान्यावरून आलं. पण आर्सेनल १९१३ मध्येच वुलिच सोडून उत्तर लंडनला गेला. ऋणमुक्तेश्वरचा संघ ऋणमुक्तेश्वरलाच आहे.

कुस्तीच्या गावात हा खेळ इतका का रुजला, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८९४ ते १९२२ या काळात, कोल्हापूर मल्लविद्येचं माहेरघर बनलं. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी महाराज इंग्लंडला गेले होते. त्या प्रवासात त्यांनी रोमचं प्राचीन क्रीडागार पाहिलं आणि त्यावरून खासबाग मैदानाची कल्पना त्यांच्या मनात आली, असं सांगतात. १९१२ च्या सुमाराला तयार झालेलं हे मैदान आजही पाहावं. मधला हौद खाली आणि भोवतीचा उतार वर चढत जाणारा, त्यामुळे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही लाल मातीतला पट सुटा दिसतो. हजारो लोक एकाच वेळी एकच डाव बघू शकतात, ही सवय कोल्हापूरला फुटबॉलच्या आधी लागली होती.

कुस्तीसाठी प्रत्येक पेठेत तालमी होत्याच. तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे. तिथे मारुती असतो, गणपती बसतो, कित्येक तालमींत मोहरमला पंजाही बसतो. बाबूजमाल तालमीत गणपती आणि पंजा यांची परंपरा एकाच छताखाली चालत आली आहे. लग्नाला भांडी हवीत, रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं आहे, वर्गणी काढायची आहे, भांडण मिटवायचं आहे, सगळं तालमीत. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेला महापूर आला तेव्हा लोकांना बाहेर काढायला आणि जेवण पोचवायला धावली ती मंडळं आणि तालमीच. संघ काढायला लागतं ते सारं, म्हणजे माणसं, पैसा, शिस्त लावणारी वडीलधारी मंडळी आणि व्यायामाची सवय, इथे आयतं होतं. संस्थानकाळात राजाश्रयानं चेंडू गावात आला आणि या तयार घरात शिरला.

आणखी एक कारण मला महत्त्वाचं वाटतं. कुस्ती जिंकतो तो पैलवान. तालमीचं नाव होतं, पण गदा एकाच्या खांद्यावर जाते. फुटबॉलमध्ये अकराजण उतरतात, बदली खेळाडू बाकावर असतात, आणि कुणाचा भाऊ, कुणाचा पुतण्या, कुणाचा शेजारी अशा नात्यांनी आख्खी गल्ली मैदानात असते. गोल करणाऱ्याचं नाव दुसऱ्या दिवशी पेपरात येतं, पण चौकात जल्लोष होतो तो तालमीच्या नावाचा. पेठेची ईर्षा पुरी करायला याहून चांगला खेळ सापडला नसता.

राजर्षी शाहू स्टेडियमवर सामना पाहायचा असेल तर दुपारी लवकर जावं. दिवसाला बहुधा दोन सामने असतात, पहिला दुपारच्या उन्हात आणि दुसरा, मोठा, चारच्या सुमाराला. प्रेक्षकांच्या पायऱ्या उघड्यावर आहेत. दुपारभर तापलेल्या पायरीवर कुणी वर्तमानपत्र अंथरतो, कुणी रुमाल. शेंगदाणेवाला रांगांमधून वाट काढत फिरतो. कुठल्या बाजूला कुठल्या पेठेनं बसायचं हे कुठे लिहिलेलं नसतं, पण नवखा माणूस चुकीच्या गॅलरीत बसून भलत्या गोलला टाळ्या वाजवू लागला की त्याला ते ताबडतोब कळतं.

इथे फुटबॉलची जाण किती आहे हे पंचाच्या शिट्टीच्या आधी कळतं. चेंडू उजव्या बगलेला गेला की मागून आवाज येतो, “क्रॉस टाक, क्रॉस!” बचावफळी पुढे सरकली की साठीचे गृहस्थ उभे राहून ऑफसाइडसाठी हात वर करतात, आणि बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असतं. हाफ टाइमला चर्चा चालते ती एखाद्या खेळाडूच्या डाव्या पायाची आणि त्याच्या काकाच्या डाव्या पायाची. तो काका वीस वर्षांपूर्वी याच तालमीकडून खेळलेला असतो. बरोबरी झाली आणि सामना टायब्रेकरवर गेला की मात्र ज्यांचा घसा बसेपर्यंत ओरडून झालेलं असतं तेही गप्प होतात. पेनल्टीचा ठिपका गोलरेषेपासून ११ मीटर, म्हणजे मूळच्या मोजमापात १२ यार्ड. तेवढ्या अंतरावर एक पोरगा आणि त्याची पेठ उभी असते.

या ईर्षेची दुसरी बाजू झाकून ठेवणं मला प्रामाणिक वाटत नाही. कोल्हापुरात हुल्लडबाजी झाली आहे. दगडफेक झाली आहे, पंचांवर लोक धावून गेले आहेत, सामने थांबवावे लागले आहेत, पोलिसांनी मैदानाबाहेर गुन्हे नोंदवले आहेत. ज्या आजोबांनी नातवाला खांद्यावर बसवून मॅच दाखवली त्यांनाच एखाद्या संध्याकाळी त्याचा हात धरून मागच्या दारानं बाहेर पडावं लागलं, तर त्या पेठेनं काय कमावलं? अलीकडच्या वर्षांत संघ परगावचे आणि नायजेरियासारख्या परदेशातले खेळाडूही आणतात. त्यानं खेळाची पातळी वाढली, पण वर्गणीचा मोठा भाग तिकडे जाऊ लागला आणि तालमीतल्या मुलाला बाकावर बसण्याची पाळी आली, अशी तक्रार जुने खेळाडू करतात. ती तक्रार रास्त आहे. पेठेचा संघ म्हणायचं तर मैदानात पेठेतली मुलं दिसली पाहिजेत.

मुलं तयार होतात, यात शंका नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. भारतात झालेली फिफाची ती पहिली स्पर्धा. अमेरिका, कोलंबिया आणि घाना यांच्याविरुद्धचे तिन्ही सामने भारत हरला, पण फिफाच्या विश्वचषकात भारताचा गोल पहिल्यांदा लागला तो त्याच स्पर्धेत, जॅक्सन सिंगच्या डोक्यानं. अनिकेत घडला तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत आणि पुणे एफसीच्या अकादमीत. म्हणजे पुण्यातला तो बंद पडलेला क्लबही फुकट गेला नाही. ज्या मातीत पोरांना चेंडू आवडू लागतो ती कोल्हापूरची, आणि ज्या संस्थेत त्याचं शास्त्र शिकवलं गेलं ती पुण्याची. या दोन शहरांनी एकमेकांकडे याच नजरेनं पाहावं असं फार वाटतं.

आता संग्रहालयाकडे येतो. कोल्हापूरला संग्रहालयांची ओळख नवी नाही. न्यू पॅलेसमध्ये छत्रपतींच्या वस्तू आहेत, टाउन हॉलच्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेल्या, थेट रोमन जगाशी नातं सांगणाऱ्या वस्तू आहेत. फुटबॉलचा ठेवा मात्र विखुरलेला आहे. तालमीच्या कपाटांत चषक आहेत, भिंतींवर संघांचे फोटो आहेत, कुणाच्या माळ्यावर जुने बूट आहेत, आणि सर्वांत मोठा ऐवज म्हाताऱ्या खेळाडूंच्या डोक्यात आहे.

वस्तीतल्या क्लबानं संग्रहालय उभारावं कसं, याचा सर्वांत गाजलेला नमुना अर्जेंटिनात आहे. ब्यूनोस आयर्स बंदराच्या कडेला ला बोका नावाची वस्ती आहे. तिथे इटलीच्या जिनोआकडून आलेले खलाशी, गोदी कामगार राहत. त्यांच्या पोरांनी ३ एप्रिल १९०५ रोजी बोका ज्युनियर्स हा क्लब काढला. अजूनही त्याच्या चाहत्यांना ‘जिनोआवाले’ म्हणतात. वस्ती दाट, जागा तोकडी. त्यामुळे १९४० मध्ये उघडलेल्या त्यांच्या स्टेडियमचा आकार विचित्र झाला. तीन बाजूंना उभ्या चढणीची गॅलरी एकावर एक चढवलेली, आणि चौथी बाजू जवळजवळ सरळ भिंतीसारखी, कारण तिकडे पसरायला जागाच नव्हती. लोकांनी त्याला ‘बोंबोनेरा’, म्हणजे चॉकलेटचा डबा, असं नाव दिलं. चढण इतकी तीव्र आहे की प्रेक्षक खेळाडूच्या डोक्यावर असल्यासारखे वाटतात, आणि हजारो लोक एका ठेक्यात उड्या मारू लागले की सिमेंटचा सांगाडा हलका थरथरतो. तोकड्या जागेचं दुखणं तिथे स्टेडियमचं वैभव झालं.

या स्टेडियमच्या पोटातच ३ एप्रिल २००१ रोजी, क्लबच्या वाढदिवशी, संग्रहालय उघडलं. चषक आहेतच. पण तिथलं खरं बळ खेळाडूंच्या यादीत आहे. मॅराडोनाला पुतळा मिळतो यात आश्चर्य नाही, पण क्लबाकडून थोडेच सामने खेळलेल्या पोराचंही नाव आणि चेहरा भिंतीवर सापडतो. त्याच्या नातवाला तिकीट काढून आत जाऊन बोट दाखवता येतं. निळा-पिवळा रंग बंदरात आलेल्या स्वीडिश जहाजाच्या झेंड्यावरून घेतला, ही क्लबची लाडकी कथाही तिथे सांगितली जाते. प्रतिस्पर्धी रिव्हर प्लेटच्या लाल-पांढऱ्या रंगावरचा राग इतका की एका जगप्रसिद्ध शीतपेयाला या मैदानात आपली लाल जाहिरात काळ्या-पांढऱ्यात रंगवावी लागली. कोल्हापूरकराला हा राग लगेच समजेल.

जर्मनीतल्या हँबुर्गच्या सांक्ट पाउली या वस्तीचं उदाहरण मला त्याहून जवळचं वाटतं, कारण तिथे संग्रहालय चाहत्यांनी मिळवलं. तिथल्या क्लबच्या स्टेडियमची एक बाजू नव्यानं बांधताना तिच्यात पोलिसांची चौकी ठेवायचा बेत होता. चाहत्यांनी विरोध केला, आणि ती जागा शेवटी संग्रहालयाला मिळाली. क्लबच्या स्थापनेचं वर्ष १९१०, तेच नाव घेऊन चाहत्यांनी संस्था काढली आणि वस्तू जमवायला, वर्गणी काढायला लागले. वर्गणी काढणं कोल्हापूरच्या तालमींना कुणी शिकवायला नको.

आपल्या देशात कोलकात्यानं फुटबॉलची आठवण उत्सवासारखी जपली. उत्तर कोलकात्यातल्या एका वाड्यात १८८९ मध्ये मोहन बागान क्लब सुरू झाला. २९ जुलै १९११ रोजी त्यांच्या बहुतेक अनवाणी खेळणाऱ्या संघानं ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असं हरवून आयएफए शील्ड जिंकली. कप्तान शिबदास भादुरींनी बरोबरी साधली, अभिलाष घोषांनी विजयी गोल मारला. तो दिवस आजही ‘मोहन बागान दिन’ म्हणून साजरा होतो. आपल्या मुंबईत रोव्हर्स चषक १८९१ पासून खेळला जात होता, पण ब्रिटिश पलटणींच्या हातून तो भारतीय संघाकडे यायला १९३७ उजाडलं. बंगळूर मुस्लिम्सनी तो जिंकला. या सगळ्या तारखा आपल्याला माहीत आहेत, कारण त्या वेळी कुणीतरी लिहून ठेवलं. कोल्हापूरच्या पेठांमध्ये गोल तितकेच जिवाच्या आकांतानं मारले गेले, पण त्यांचा बराचसा हिशेब कागदावर आलेला नाही.

काय जपायचं? चषक तर जपावेतच, पण चषक सगळ्यांत कमी बोलतात. एक जुना चेंडू पाहा. चामड्याचे लांबट तुकडे हातानं शिवलेले, आत रबरी ब्लॅडर, आणि त्यात हवा भरण्यासाठी ठेवलेली फट वादीनं आवळलेली. ती वादी उंचवट्यासारखी वर यायची आणि हेड मारताना कपाळाला लागली की कातडं सोलायचं. पावसात चामडं पाणी प्यायचं आणि चेंडू जड व्हायचा. नियमानं सामना सुरू होताना चेंडूचं वजन ४१० ते ४५० ग्रॅम असावं लागतं, पण चिखलात उत्तरार्धापर्यंत ते कितीतरी वाढलेलं असायचं. वादी नसलेला, झडपेतून हवा भरायचा चेंडू १९३१ मध्ये अर्जेंटिनातल्या बेल व्हिल गावच्या तिघांनी बनवला. त्याआधीच्या काळी जो फुटबॉल खेळत होता त्याच्या कपाळावरच्या खुणेचा अर्थ वादीच्या अशा एका चेंडूतून कळतो.

तसाच संघाचा फोटो. पुढच्या रांगेत मांडी घालून बसलेले, मधे चषक, मागे हाताची घडी घालून उभे असलेले, आणि कडेला टोपी घातलेले तालमीचे कारभारी. फोटोच्या मागे नावं लिहिलेली नसतील तर पंचवीस वर्षांत ते सगळे अनोळखी होतात. म्हणून पहिलं काम फोटो स्कॅन करण्याचं नाही. पहिलं काम त्या फोटोतल्या हयात माणसाजवळ बसून डावीकडून उजवीकडे नावं लिहून घेण्याचं आहे. मग त्यालाच विचारावं, कुणी कुठे नोकरी केली, कुणी कुणाला पास द्यायचा, बूट कुणाचे होते, अनवाणी कोण खेळायचं, हरल्यावर गल्लीत परत कसं आलात. हे आवाज फोनवर रेकॉर्ड करून ठेवायला पैसे लागत नाहीत.

वस्तू टिकवण्याचं शास्त्र फार अवघड नाही. पावसाळ्यात कोल्हापूरची हवा दमट असते. चामड्याला बुरशी लागते, सुती जर्सीवर डाग पडतात. वस्तू बंद काचेच्या पेटीत ठेवून आत आर्द्रता शोषणारी सिलिका जेलची पाकिटं ठेवली आणि ती वेळोवेळी बदलली तर मोठं नुकसान टळतं. कापडाला आणि जुन्या फोटोंना प्रकाश हा संथ शत्रू आहे. जगभरची संग्रहालयं त्यांच्यावर ५० लक्सच्या आसपासच उजेड ठेवतात, म्हणून तिथे अंधारल्यासारखं वाटतं. फोटो काचेला चिकटून फ्रेम करू नये, मधे कागदी पट्टीचं अंतर ठेवावं. दमटपणात फोटोचा पृष्ठभाग काचेलाच चिकटतो आणि मग सुटत नाही. वर्तमानपत्राची कात्रणं ज्या लगद्याच्या कागदावर असतात त्यातल्या आम्लानं तो पिवळा पडून चुरा होतो. त्यांची प्रत लवकर करावी आणि मूळ कात्रण आम्लरहित कागदात ठेवावं. चांदीचा मुलामा दिलेले चषक हवेतल्या गंधकानं काळवंडतात, पण दर वर्षी पावडर लावून घासले तर मुलामाच निघून जातो. काळवंडलेला चषक पेटीत राहू द्यावा.

नीट सांभाळलं तर कापडही टिकतं, याचा पुरावा नारायण पेठेतच आहे. १९०७ मध्ये मादाम कामांनी जर्मनीतल्या श्टुटगार्टला परकीय भूमीवर भारताचा जो झेंडा फडकावला, तो केसरीवाड्यात जपून ठेवलेला आहे. तो शेवटी एक कापडाचा तुकडा. पेठेतल्या एका संस्थेनं तो सांभाळला म्हणून शंभराहून अधिक वर्षांनी आपल्याला पाहायला मिळतो. जर्सीही कापडच असते.

जागा कुठली, हा प्रश्न उरतो. माझ्या मते सगळं एका ठिकाणी उचलून आणण्याची घाई करू नये. तालमीचा चषक तालमीतच शोभतो, आणि दुसऱ्या पेठेच्या शेजारी तो मांडायला बरीच मंडळी तयार होणारही नाहीत. स्टेडियममध्ये एक खोली असावी. तिथे प्रत्येक संघाची माहिती, खेळाडूंची भिंत, जुने चेंडू आणि बूट, आणि आवाज ऐकायची सोय असावी. तिथूनच पाहुण्याला पेठांचा नकाशा मिळावा. मग त्यानं पायी फिरत एकेक तालीम पाहावी, वाटेत शिवाजी पेठेतल्या गांधी मैदानावर सराव करणारी मुलं पाहावीत, आणि तालमीतल्या कुणाकडून तरी त्यांच्याच तोंडून गोष्ट ऐकावी. ज्या दोन तालमी गेल्या हंगामात मैदानात भिडल्या त्यांचे चषक निदान एका नकाशावर तरी शेजारी येतील.

नोंदी केएसएकडे असतात. खेळाडूंची नोंदणी दर हंगामाला होते, सामन्यांचे निकाल लिहिले जातात, आणि कोल्हापूरची वर्तमानपत्रं स्थानिक फुटबॉलला राज्यात इतरत्र क्वचितच मिळते एवढी जागा देतात. या तिन्ही गोष्टी जुळवल्या तर प्रत्येक तालमीच्या प्रत्येक खेळाडूचं नाव, वर्ष आणि खेळण्याची जागा अशी यादी तयार होऊ शकते. कॉलेजातल्या मुलांनी पेपरच्या फायली चाळाव्यात आणि तालमीतल्या जुन्या मंडळींनी नावं तपासून द्यावीत, इतकंच काम आहे. जूनमध्ये पाऊस लागला की मैदान चिखलाचं होतं, हंगाम थांबतो, आणि डिसेंबरपर्यंत खेळाडू, कारभारी आणि जुने जाणते सगळेच संध्याकाळी तालमीत मोकळे बसलेले असतात.